ताप उतरला, पण रक्त काय सांगते?

ताप उतरला की आपण म्हणतो, "गोळी लागू पडली." मलेरियात, म्हणजे हिवतापात, हा पुरावा पुरेसा नाही. व्हायव्हॅक्स मलेरियाचे जंतू साधारण ४८ तासांनी रक्तातील तांबड्या पेशी फोडून बाहेर येतात. तेव्हा हुडहुडी भरून ताप चढतो आणि घाम येऊन उतरतो. मधल्या दिवशी औषधाशिवायही बरे वाटू शकते. मग औषधाने खरेच काम केले, हे कसे ठरवतात?

सुट्टीत मी लखनौला विकास नगरमधल्या घरी जातो. शहराच्या याच उत्तर भागात दोन मोठ्या संस्था आहेत. औषधी वनस्पतींवर काम करणारी 'सीमॅप' कुकरैल वनाजवळ आहे. केंद्रीय औषध संशोधन संस्था जानकीपुरम विस्तारात आहे. ती १९५१ मध्ये छत्तर मंझिल या नवाबी महालात सुरू झाली होती. आर्टेमिसिया वनस्पतीतील आर्टेमिसिनिनपासून या दोन संस्थांनी आर्टीईथर हे मलेरियावरचे इंजेक्शन विकसित केले. मूळ आर्टेमिसिनिन चीनमध्ये सापडले. तिथे १९६७ मध्ये सैनिकांच्या मलेरियावर औषध शोधण्याचा प्रकल्प सुरू झाला होता. त्यातील शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले.

अशा औषधाची रुग्णांवर चाचणी घेताना आधी त्यांची संमती घेतात. मग दोन नोंदी बरोबरीने चालतात. एक खाटेजवळची: ताप, उलट्या, अशक्तपणा. दुसरी सूक्ष्मदर्शकाखालची.

बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात. जाड थरात जंतू आहेत का ते कळते, पातळ थरात ते कोणत्या जातीचे आहेत ते ओळखता येते. गिम्सा रंग दिला की जंतूचे केंद्रक तांबूस आणि बाकीचा भाग निळा दिसतो. १००० पट मोठे करून पाहिल्यावर तांबड्या पेशीत लहानशी अंगठी दिसते. तोच कोवळा जंतू.

नुसते पाहून भागत नाही, मोजावे लागते. २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत १०० जंतू दिसले, असे समजा. एका मायक्रोलिटर रक्तात ८००० पांढऱ्या पेशी धरल्या, तर जंतू होतात ४०००. एकाच काचपट्टीची मोजणी दोन तंत्रज्ञ वेगवेगळी करतात. औषध संपल्यावरही रक्त तपासत राहतात. फॅल्सिपेरमच्या चाचणीत निदान २८ दिवस. कारण थोडे जंतू उरले, तर ते पुन्हा वाढतात.

ही काचपट्टी आपल्याला सैन्यातील डॉक्टरांनीच दिली. फ्रेंच लष्करातील लाव्हराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हे जंतू प्रथम पाहिले. अल्मोड्यात जन्मलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला ते डासाच्या पोटात सापडले.

आता हे वसतिगृहात कुठे उपयोगी पडते? थंडी वाजून ताप आला, तर परेड चुकेल म्हणून लपवू नका. एम. आय. रूममध्ये जाऊन रक्त तपासून घ्या. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतातही दडून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यासाठी डॉक्टर प्रायमाक्विन १४ दिवस देतात. चौथ्या दिवशी आपण मैदानावर धावत असलो, तरी उरलेल्या दहा दिवसांच्या गोळ्या घ्यायच्याच. पालकांनीही फोनवर "ताप गेला का?" याबरोबर "गोळ्या संपल्या का?" हे जरूर विचारावे.