नेम आणि विवेक

प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिंपियाचे क्रीडासामने दर चार वर्षांनी भरत. परंपरेनुसार त्यांचा आरंभ इ. स. पूर्व ७७६ मध्ये झाला. तेथे विजेत्याच्या मस्तकी चढे तो केवळ रानऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट. परंतु त्यामागे दीर्घ काळाचा नेम असे. दहा महिने नियमपूर्वक सराव केल्याची शपथ स्पर्धकास झ्यूस देवतेच्या मूर्तीसमोर घ्यावी लागे. सामन्यांपूर्वीचा शेवटचा महिना एलिस नगरात, पंचांच्या देखरेखीखाली घालवावा लागे.

आखाड्यात मल्ल अंगास तेल चोळून वर बारीक माती लावीत आणि सराव संपला की धातूच्या वाकड्या खरवडणीने तो थर काढून टाकीत. मुष्टियोद्धे टांगलेल्या पिशवीवर ठोसे मारीत. लांब उडी मारणारे दोन्ही हातांत दगडाची किंवा धातूची वजने धरीत. उडीस पाव्याच्या सुरांची साथ असे.

आहारही ठरलेला असे. पूर्वी खेळाडूंचे पोषण मुख्यतः ताज्या चीजवर होई आणि मांसाहाराची प्रथा स्टिंफालसच्या ड्रोमेउस नामक धावपटूने पाडली, असे प्रवासवर्णनकार पौसानियस सांगतो.

पुढे प्रशिक्षकांनी चार दिवसांचे चक्र रूढ केले. पहिल्या दिवशी अल्प पण चपळ व्यायाम, दुसऱ्या दिवशी शक्तीची पराकाष्ठा, तिसऱ्या दिवशी विसावा आणि चौथ्या दिवशी मध्यम श्रम. कष्टाबरोबर विश्रांतीलाही स्थान देणारी ही योजना वरवर निर्दोष वाटते. तिचा दोष फिलोस्ट्रेटस या लेखकाने व्यायामशास्त्रावरील आपल्या ग्रंथात एका घटनेतून दाखविला आहे.

गेरेनस नावाचा मल्ल ऑलिंपियात विजयी झाला. त्यानंतर मित्रांच्या मेजवानीत त्याचे खाणेपिणे अतिरिक्त झाले. दुसऱ्या दिवशी प्रकृती बिघडलेली असताना त्याने प्रशिक्षकाजवळ सारे कबूल केले. प्रशिक्षक संतापला. चक्र मोडू न देता त्याने गेरेनसकडून ठरलेला व्यायाम करवून घेतला आणि त्या श्रमातच त्या विजयी मल्लाचा अंत झाला. अथेन्सहून एल्युसिसला जाणाऱ्या रस्त्याच्या उजव्या हातास त्याची समाधी होती.

नेम मोडल्याने शक्ती क्षीण होते, हे त्या प्रशिक्षकास ठाऊक होते. आजाऱ्यासाठी नेम सैल करणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, एवढे मात्र त्याला उमगले नाही. शिष्याची चूक एका रात्रीची होती. गुरूच्या हट्टाने तिची किंमत प्राणांएवढी झाली.