गाळ कुणाच्या शेतात पडतो

होळीनंतर पाझर तलाव कोरडा पडतो. तळाच्या मातीला भेगा पडून तिच्या जाड खपल्या सुटतात. मी आधी एक खपली हातावर चुरून बघतो: काळा, लोण्यासारखा गाळ असेल तर काम, वाळू लागली तर तिथंच थांबायचं. आणि भरावाच्या पायथ्याशी पोकलेन न्यायचं नाही, हे चालकाला दोनदा सांगायचं.

मराठवाड्यातले असे कितीतरी तलाव 1972 च्या दुष्काळात मजुरांनी घमेल्या-फावड्यांनी उभे केले. कंपनीच्या सीएसआर विभागात काम करताना त्यातल्या काहींचा गाळ काढण्याचं काम माझ्या वाट्याला आलं. 2014 पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान 2 टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं, आणि गाळाचा हंगाम तेव्हा कुठं सुरू होतो. म्हणून पहिल्या वर्षी मार्चमध्येच आमची पळापळ. यंत्र आणि डिझेल आमचं, गाळ शेतात नेण्याची वाहतूक शेतकऱ्याची. रोज किती घनमीटर निघाला, एवढंच मी विचारायचो.

चौथ्या दिवशी भरावावर बसलेल्या एका बाईंनी मला हाक मारली. ‘‘साहेब, ज्याचं ट्रॅक्टर त्याचा गाळ. आमी काय टोपल्यानं न्यावं का?’’

त्या रात्री खेपांची वही काढली. निम्म्याहून जास्त खेपा चारच घरांच्या शेतात गेल्या होत्या. तलाव खोल झाला होता, पण कंपनीचा पैसा आधीच भरल्या घरी पडला होता. ही चूक माझी होती.

कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनं चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम 30 एप्रिलच्या आत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत खर्चता येते. मला हवा तो वेळ तिथं मिळाला. आता यंत्र उतरण्याआधी ग्रामसभेत यादी वाचली जाते. दोन एकरांच्या आतलं आणि एकट्या बाईचं शेत आधी, त्यांच्या वाहतुकीचं भाडंही आम्ही देतो. ट्रॉल्या कमी पडतात, पोकलेन तासतास उभं राहतं, घनमीटरचा आकडा खाली येतो. कंपनीच्या समितीपुढं तो आकडा मी स्वतः मांडतो आणि कारणही सांगतो.

यंदा त्याच बाईंच्या मुरमाड रानात पहिली ट्रॉली रिकामी झाली. त्या पावलं मोजत पुढं गेल्या आणि दुसरा ढीग कुठं टाकायचा ते चालकाला हात करून दाखवू लागल्या.