सातपुड्यातल्या शाळा (लेखांक ६) : पटावरचं मूल

मागच्या लेखांकात आश्रमशाळेची इमारत पाहिली. आज तिचं मस्टर उघडू.

शहाद्याहून म्हसावद मागे टाकलं की डोंगर सुरू होतो आणि आश्रमशाळाही. जूनमध्ये पट भरलेला असतो. दिवाळीची सुट्टी संपते आणि रकाने मोकळे पडू लागतात. पाड्यावर मुकादम उचल वाटून गेलेला असतो. आईबाप कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला निघतात आणि धाकट्याला सांभाळायला थोरली हवीच. पुढे होळी. भोंगऱ्या बाजार, काठीची राजवाडी होळी! त्या आठवड्यात मूल वसतिगृहात राहील अशी अपेक्षा ज्यांनी ठेवली, त्यांनी होळी पाहिलेली नाही. मस्टरात याची एकच खूण, 'गै.'. शिक्षक 'दांडी' म्हणतात. मला तो शब्द खटकतो.

मूल आपल्या पायांनीही घरी परततं. घरी पावरी किंवा भिलोरी, वर्गात पुस्तकी मराठी. कित्येक ठिकाणी दिवसा जो वर्ग, तीच रात्री झोपायची खोली. आश्रमशाळांतले मृत्यू इतके गाजले की २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीला त्यांची कारणं तपासावी लागली.

अनुदानित शाळांत आणखी एक गुंता आहे. परिपोषण अनुदान निवासी मुलांच्या संख्येवर मिळतं. म्हणजे मोकळा रकाना संस्थेला पैशात पडतो आणि मूल घरी असूनही पटावर जेवत राहण्याची सोय होते.

मुलांना घरापासून तोडून निवासी शाळेत घालण्याचं दुखणं फक्त आपलं नाही. ओहायोतून हुसकावलेल्या शॉनी लोकांसाठी थॉमस जॉन्सन या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने १८३९ मध्ये कॅन्ससमध्ये निवासी शाळा थाटली. मुलग्यांना शेती-सुतारकी, मुलींना शिवणकाम, सगळ्यांना इंग्रजी. हा शिक्षणप्रेमी गृहस्थ गुलामही बाळगून होता. आईबापांची जमीन गेल्यावर मुलांना शाळा मिळाली, हा क्रम शहादेकरांना ओळखीचा वाटेल. इथल्या भिलांच्या जमिनी गुजर-पाटलांकडे गेल्या, माणसं सालदार झाली, पोरं त्यांचीच गुरं राखू लागली. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली ती जमीन आणि मजुरीसाठी. पाटी-पेन्सिलीचा प्रश्न त्याच्या मागून आला.

नर्मदाकाठी मात्र वेगळं घडलं. सरदार सरोवराच्या बुडितात जाणाऱ्या चिमलखेडी, निमगव्हाणसारख्या गावांत नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या आरंभी जीवनशाळा काढल्या. त्या गावातच भरत आणि गुरुजी बहुधा तिथलेच. असा शिक्षक मस्टर न उघडताच सांगतो, कुणाच्या झोपडीला कुलूप आहे आणि कुणाचं पोर तापाने पडलंय.

पुढच्या आठवड्यात : आश्रमशाळेचं स्वयंपाकघर