हातातली कला, हक्काचा दाम

अमरावतीच्या इर्विन चौकात किंवा अकोल्याच्या अशोक वाटिकेजवळ 14 एप्रिलला जे निळे फलक झळकतात, ते एके काळी हाताने रंगवलेले असत. प्रत्येक वस्तीत एक तरी ‘पेंटर’ असे. दुकानाची पाटी, ट्रकचा फाळका, शाळेची भिंत, विहारातला बुद्ध, सारे त्याच्याच हातचे. 2000 सालानंतर फ्लेक्सची यंत्रे आली आणि ज्या फलकाला दोन दिवस लागत तो अर्ध्या तासात छापून मिळू लागला. कितीतरी पेंटर बंधूंनी ब्रश ठेवला आणि घरांना चुना-डिस्टेंपर मारण्याचे काम धरले. त्यांची मुलेमुली मात्र आजही शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा देतात, सुंदर चित्रे काढतात. पण घरात एकच प्रश्न असतो, “चित्रानं पोट भरते का?”

हा प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरात सकाळच्या कामावर संध्याकाळची चूल पेटते, त्या घराने तो विचारलाच पाहिजे. म्हणूनच कलेचे गोडवे न गाता, आपले चित्र, आपली मूर्ती, आपली हस्तकला विकायला सुरुवात कशी करावी, हे आम्ही येथे मांडत आहोत.

‘आपलाच पोरगा हाय’

पहिली अडचण बाजारात नसून आपल्याच अंगणात आहे. जयंती आली की मंडळाचे कार्यकर्ते येतात आणि म्हणतात, “आपलाच पोरगा हाय, त्याले काय पैशे द्याचे?” मंडपवाल्याला पैसे मिळतात, डीजेवाल्याला आगाऊ मिळतात, पण चार रात्री जागून देखावा रंगवणाऱ्या मुलाला नारळ आणि शाल मिळते.

वाचकहो, आपल्या आजोबा-पणजोबांनी बलुतेदारीत काय भोगले ते आठवा. काम ठरलेले होते, पण त्याचा दाम काम करणाऱ्याने ठरवायचा नव्हता. खळ्यावर जे पायलीभर पदरात पडेल ते घ्यायचे आणि वर उपकार मानायचे. त्या प्रथेतून बाहेर पडायला आपल्याला दोन पिढ्या झगडावे लागले. आज आपल्याच माणसाकडून फुकट काम करून घेणे म्हणजे तीच प्रथा मागच्या दाराने घरात घेणे होय. समाजासाठी दान जरूर द्यावे. पण दान देणाऱ्याने ठरवावे. कलावंताने मंडळाला बिल पूर्ण द्यावे आणि इच्छा असेल तर त्यातून ठरावीक रक्कम धम्मदान म्हणून पावतीने परत द्यावी. मग कामाची किंमतही कळते आणि दानाचे मोलही राहते.

किंमत कशी काढावी

होतकरू चित्रकार किंमत सांगताना अडखळतो, कारण त्याने हिशेबच मांडलेला नसतो. एक उदाहरण पाहू. समजा, दीड फूट बाय दोन फुटांचे कॅनव्हासवरचे चित्र आहे. कॅनव्हास, रंग आणि चौकट मिळून 800 रुपये लागले. काम तीन दिवस चालले. कुशल गवंड्याचा रोज 700 रुपये धरला तर चित्रकाराचाही तेवढा धरायलाच हवा. म्हणजे 2,100 रुपये झाले. जाणे-येणे, वीज, फोन याचे 200 धरा. एकूण 3,100 रुपये. हा झाला नुसता खर्च. खराब झालेले कागद, न विकलेली चित्रे आणि पुढच्या कामाचे भांडवल यासाठी त्यावर 500 रुपये ठेवले तर किंमत 3,600 रुपये होते.

आता हेच चित्र फ्रेमच्या दुकानात ठेवले आणि दुकानदाराने शंभराला तीस रुपये आपला वाटा मागितला, तर तुमच्या हाती 2,520 रुपये येतील. म्हणजे चित्र विकूनही तोटा. हाती 3,600 हवे असतील तर दुकानातली किंमत 5,150 च्या आसपास असली पाहिजे. आणि दुकानात जी किंमत आहे तीच घरीही सांगावी. दुकानात 5,150 आणि घरी 3,600 असे केले तर दुकानदार पुन्हा तुमचे चित्र ठेवणार नाही. म्हणून दुकानदाराचा वाटा धरूनच किंमत ठरवावी.

घासाघीस होणारच. “भाऊ, काही कमी-जास्त करा,” असे म्हणणे हा वऱ्हाडी माणसाचा स्वभावच आहे. त्यासाठी शेवटचा आकडा आधीच वहीत लिहून ठेवावा आणि त्याच्या खाली उतरू नये. गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर त्याला लहान आकाराचे चित्र दाखवावे. तेच चित्र स्वस्तात देऊ नये.

एक चित्र, शंभर घरे

आपले गिऱ्हाईक कोण? पाच हजारांचे चित्र घेणारा नोकरदार वर्ग अमरावती-अकोल्यात आहे, पण थोडा. पन्नास-शंभर रुपये खर्चून घरी काही घेऊन जावे असे वाटणारा माणूस मात्र लाखोंनी आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तेव्हाच हे गणित सिद्ध झाले. त्यांची मूळ तैलचित्रे संस्थानिकांच्या वाड्यात लागत, पण छापील चित्रे सामान्य माणसाच्या भिंतीवर पोहोचली. आपल्या घरातले बाबासाहेबांचे आणि भगवान बुद्धांचे चित्रही असेच स्वस्त छपाईच्या वाटेने आले आहे.

म्हणून मूळ चित्राबरोबर त्याच्या लहान प्रती काढाव्यात. समजा, एक प्रत छापायला 20 रुपये आणि पाकिटाला 5 रुपये लागले, तर शंभर प्रतींचे 2,500 रुपये होतात. प्रत 60 रुपयांना विकली आणि सत्तरच गेल्या, तरी 4,200 रुपये येतात. प्रवास आणि जागेचा खर्च वजा जाता काही उरतेच, शिवाय तीस प्रती पुढच्या कार्यक्रमाला हाताशी राहतात. पहिल्या वेळी शंभराच्या वर छापू नये. काय खपते ते पाहून मग वाढवावे.

आपला बाजार कोणता

आपल्या समाजाला वर्षभराचा बाजार तयार मिळालेला आहे. 1 जानेवारी, 3 जानेवारीची सावित्रीमाईंची जयंती, 14 एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी, त्यानंतर अकोल्यात भरणारा धम्म मेळावा, 26 नोव्हेंबरचा संविधान दिन आणि 6 डिसेंबरला मुंबईची चैत्यभूमी. या ठिकाणी पुस्तके, मूर्ती, कॅलेंडर यांची दुकाने ओळीने लागतात. त्यात हाताने केलेले, निराळे दिसणारे काम फार थोडे असते. तुमची जागा तिथे आहे.

चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. छपाई महिनाभर आधी करावी, कारण ऐन वेळी छापखाने भरलेले असतात. जागेची परवानगी आणि भाडे संयोजकांकडे आधीच विचारून घ्यावे. बुद्धाची आणि बाबासाहेबांची चित्रे जमिनीवर मांडू नयेत. टेबल किंवा दोरी लावून उंच ठेवावीत, आपल्या लोकांना ते पटकन खटकते. आणि प्रत्येक चित्रावर किंमत लिहावी. किंमत विचारायलाही संकोचणारी मायमाऊली लिहिलेला आकडा वाचून पुढे येते.

मेळ्याबाहेरही काम आहे. नवीन घराची नावपाटी, लग्नाची पत्रिका, आई-वडिलांचे व्यक्तिचित्र, विहाराची भिंत. भिंतीच्या कामाचा दर चौरस फुटाने ठरवावा, अर्धी रक्कम आधी घ्यावी आणि तसे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ओळखीचा माणूस असेल तर जास्तच नीट लिहावे. कागद असला की ओळख टिकते.

फोनवरून विकायचे असेल तर चित्राचा फोटो सकाळी सावलीत, समोरून घ्यावा. बल्बच्या उजेडात रंग पिवळे पडतात. फोटोखाली आकार, माध्यम, किंमत आणि पाठवण्याचा खर्च हे चारही लिहावे. आधी पैसे, मग पार्सल, हा नियम नातेवाइकांनाही लावावा. कागदावरचे चित्र गुंडाळून पुठ्ठ्याच्या जाड नळीत घालावे आणि वरून प्लॅस्टिक लावावे, म्हणजे टपालाने पावसाळ्यातही सुखरूप पोहोचते.

इतरांनी काय केले

अमरावती जिल्ह्यातच मेळघाटात, धारणी तालुक्यातील लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथे बांबूच्या फर्निचरबरोबर राख्यांसारख्या लहान वस्तूही तयार होतात आणि शहरांत विकल्या जातात. आदिवासी कारागीर एकेकटा बाजारात उभा न राहता संस्थेच्या मार्गाने विकतो, म्हणून दाम टिकतो. पाच-सहा कलावंतांनी मिळून एकच टेबल, एकच भाडे, एकच गाडी केली तर आपल्यालाही हे जमेल. बचत गटातल्या भगिनींना तर हिशेबाची आणि बैठकीची सवय आहेच.

डहाणूकडचे जिव्या सोमा म्हशे यांचे उदाहरण तर सर्वांनी लक्षात ठेवावे. वारली चित्रे लग्नघरी भिंतीवर स्त्रिया काढत आणि ती भिंतीबरोबरच पुसली जात. म्हशे यांनी 1970 च्या दशकात ती कागदावर-कापडावर आणली, रोज काढली आणि जगभर नेली. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. पुढे ही चित्रे कपबशीपासून साडीपर्यंत कोणीही छापू लागले. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या कलेवर तिच्या लोकांचा हक्क राहावा म्हणून.

अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार झाले आणि त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे टिपले. त्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली. नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्यतेचे आणि देवदासीचे दुःख चित्रांत आणले. या दोघांकडून एक गोष्ट शिकावी. बाबासाहेबांचा चेहरा तर सगळेच काढतात. पण आपल्या आईचे वावरातले निंदण, जिनिंगमधला कापूस, सरकीने भरलेला ट्रक, वस्तीतली अभ्यासिका हे आपल्याशिवाय कोण काढणार? निराळा विषय हेच नव्या चित्रकाराचे भांडवल आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे

1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढताक्षणी त्याचा हक्क चित्रकाराचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. मूळ चित्र विकले म्हणून ते छापण्याचा हक्क विकला जात नाही. पण एक मेख आहे. कोणी पैसे देऊन सांगून चित्र काढवून घेतले आणि वेगळे काही ठरले नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा होतो. म्हणून करारात एक ओळ जरूर घालावी, ‘या चित्राच्या छपाईचा हक्क चित्रकाराकडे राहील.’ प्रत्येक चित्रावर सही आणि साल टाकावे, फोटो काढून ठेवावा. हाच न्याय दुसऱ्यालाही आहे. दुसऱ्या चित्रकाराचे चित्र जसेच्या तसे उतरवून विकू नये. अनेक फोटो पाहून स्वतःची रेषा काढावी.

कर्जाच्या बाबतीत घाई नको. पहिले भांडवल घरातले, थोडेसे असावे. काम जमल्यावर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच ते 1978 साली स्थापन झाले आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी कोणा दलालाला पैसे देऊ नयेत. मूर्तिकार, बांबूकाम करणारे, बाहुल्या-खेळणी करणारे यांना 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अर्ज करता येतो. तीत पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. चित्रकाराचा व्यवसाय मात्र त्या अठरा व्यवसायांत नाही, हे माहीत असू द्यावे, म्हणजे हेलपाटे वाचतील.

घरच्यांनी काय करावे

नोकरी किंवा मजुरी सोडून एकदम चित्रांच्या मागे लागा, असे आम्ही मुळीच सांगणार नाही. पहिली दोन वर्षे ही कमाई जोडधंद्याचीच असेल. रविवारचा दिवस आणि रोजची दोन तास रात्र, एवढ्यावर सुरुवात होते. पण तेवढा वेळ आणि घरातला एक कोपरा घरच्यांनी द्यायला हवा. मुलाला देतो तसाच मुलीलाही द्यावा. चित्र काढणाऱ्या मुलीला, ‘आधी भांडी घास,’ म्हणून उठवले तर तिची कला लग्नाच्या रुखवतातच संपते.

हिशेबाची वही मात्र दुसऱ्याने लिहावी. आई, बहीण, बायको, ज्याचे डोके आकड्यात चालते त्याने. काय आणले, काय विकले, कोणाकडे किती बाकी, हे दर रविवारी लिहावे. सहा महिन्यांनी ती वहीच सांगेल की कोणते चित्र खपते, कोणता मेळा तोट्याचा आणि चित्राने घरात किती आले. चित्राने पोट भरते का, या प्रश्नाचे खरे उत्तर त्या वहीत मिळेल. ती वही येत्या रविवारीच घाला.