वेळूच्या कांडीतली गवंडीण

भालकी-औरादकडच्या घरांत प्लगच्या भोकात किंवा खिडकीच्या खाचेत चिखल भरलेला दिसला, की लोक म्हणतात 'कुंभारीण आली' आणि खिळ्याने उकरून टाकतात. उकरताना आत काय निघतं, तिकडे कुणी बघत नाही. अर्धमेल्या अळ्या निघाल्या तर ती खरी कुंभारीण, गांधीलमाशीच्या गोतातली. संतांच्या दृष्टान्तातली भृंगी बहुधा हीच. दृष्टान्तातल्यासारखी अळीची भृंगी होत नाही, भृंगीचं पिल्लू अळी खातं. दृष्टान्ताचं त्याने काही बिघडत नाही. पण आत परागाचा पिवळा ओलसर गोळा असेल, तर घर मधमाशीचं. आपल्याकडे असं मातीकाम करणारी एक माशी आहे, मेगाकाईल लनाटा. तिच्यात राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचं पोळंही नाही. एकेक मादी स्वतःची गवंडी.

परसात तिच्यासाठी करायचं ते एवढंच : वेळूच्या वीतभर कांड्या कापायच्या, एका बाजूचं पेर राखायचं. भोक सहा ते दहा मिलिमीटरचं. तोंडाची कूस पॉलिशकागदाने घासायची, नाहीतर पंख फाटतात. जुडी वळचणीखाली, सकाळचं ऊन येईल अशी घट्ट बांधायची; वाऱ्याने हलणारी उपयोगाची नाही. मातीला न्हाणीच्या सांडपाण्याची ओल पुरते.

मग बघत बसावं. माशी आधी डोकं घालून शिरते, मकरंद ओकते, उलट्या पावली बाहेर येते, वळते आणि आता मागून आत सरकते. पराग तिच्या पायांवर नसतो, पोटाखालच्या केसांत असतो. तो झाडायला ही कसरत. गोळा पुरेसा झाला की त्यावर एक अंडं, मग मातीचा पडदा, पुढची खोली. लेकी सहसा आतल्या खोल्यांत, लेक दाराशी. लेक आधी बाहेर पडतात.

"मध देत नाही, मग ठेवायची कशाला?" शेजारच्या काकांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर त्यांच्याच शेतात आहे. तुरीचं फूल बरंचसं परागण आतल्या आतच उरकतं, तरी या माशा त्यावर तुटून पडतात आणि एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात. हैदराबादच्या वाटेवरच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट या संशोधन संस्थेत, संकरित तुरीचं बियाणं तयार झालं ते माशांच्याच भरवशावर. संकरासाठीच्या नरवंध्य, म्हणजे स्वतःचा पराग न देणाऱ्या, झाडाला पराग दुसरं कोण आणून देणार? कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या कौतुकात माशीचं नाव कुणी घेतलं नाही. उलट फुलोरा आणि शेंगअळीची फवारणी एकाच वेळी येते. फवारायचंच तर दिवस मावळताना, माशा परतल्यावर. काकांना हे पटलं; मजूर त्या वेळेला मिळत नाही, ही त्यांची अडचणही खरी.

कांड्या मात्र वर्षानुवर्षं त्याच ठेवू नयेत, आत बारीक माइट साठतात. जुन्या कांड्या चुलीत घालाव्यात, सगळी तोंडं फुटलेली आहेत हे बघूनच.