सहलीला जाताना दुपारची झोप घरी ठेवून जाऊ नका

सुट्टीच्या दिवसांत सोमवारी सकाळी दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, शनिवारी इमॅजिकाला जाऊन आलो, तेव्हापासून पोरगा नुसता किरकिरतोय. धड खात नाही, रात्री दचकून उठतो. दृष्ट तर लागली नसेल?" तपासावे तर ताप नाही, घसा स्वच्छ, पोट मऊ. मग मी विचारतो, निघालात किती वाजता? माणसे सांगलीकडची असली तर उत्तर ठरलेले असते, पहाटे तीनला. आणि दुपारी तो झोपला कुठे? यावर नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. दुपारी तो झोपलेलाच नसतो. तिकिटाचे पैसे वसूल करायचे असतात ना!

आमचे कराड मधोमध असल्यामुळे माझ्याकडे साताऱ्याकडचे पेशंटही येतात आणि सांगलीकडचेही. एकेकाळी या भागातले लोक मुलांना घेऊन गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जात. १९८९ साली सुरू झालेले ते उद्यान २०२२ मध्ये बंद झाले. खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले आणि आता बहुतेकांच्या गाड्या तिकडे वळतात. साताऱ्याहून ते दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, सांगलीहून तीनशेच्या वर. म्हणजे लहान मूल बरोबर घेऊन, थांबत थांबत गेले तर साताऱ्याहून चार तास आणि सांगलीहून सहा-सात तास धरायला हवेत. एका दिवसात जाऊन-येऊन करायचे म्हटले तर सांगलीकराचे बारा ते चौदा तास गाडीतच जातात. पाच वर्षांखालचे मूल असेल तर हा बेत मला मुळीच मान्य नाही. आदल्या दिवशी निघून पुण्यात नातेवाइकांकडे किंवा लोणावळा-खोपोलीला मुक्काम करावा. मुक्काम परवडत नसेल तर मूल थोडे मोठे होईपर्यंत थांबावे. इमॅजिका कुठे पळून जात नाही.

लहान मुलांना घेऊन लांबच्या गर्दीत जाणे आपल्याला नवे नाही. पालीच्या खंडोबाची यात्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, ही आपल्या वाडवडिलांची थीम पार्कच होती. तिथे पाळणे होते, तमाशे होते, खेळण्यांची दुकाने होती. पण बैलगाडीने जाणारी माणसे दुपारी ऊन तापले की झाडाखाली गाडी सोडत, कारण बैलांना विसावा हवा असे. बैल रवंथ करत बसत आणि फांदीला बांधलेल्या झोळीत तान्हे मूल झोपून जाई. मुलाच्या झोपेचा वेगळा विचार कोणी करत नसे, बैलाचा केला की मुलाचा आपोआप होत असे. आता गाडीला विसावा लागत नाही. त्यामुळे मुलाचा विसावा आपण आठवणीने ठरवावा लागतो.

तो इतका का लागतो, हे थोडे समजून घेऊ. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते जितके साठेल तितकी झोप अनावर होते आणि झोपलो की त्याचा निचरा होतो. मोठ्या माणसाचा हंडा भरायला रात्र उजाडावी लागते. दोन वर्षांच्या मुलाचा गडू मात्र दुपारी बारा-एकलाच काठोकाठ भरलेला असतो. तो रिकामा केला नाही तर शरीर दुसरा मार्ग धरते. मुलाला जागे ठेवण्यासाठी कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन यांसारखी उत्तेजक संप्रेरके काम करू लागतात. मग मूल अंगात आल्यासारखे पळते, विनाकारण हसते, लगेच रडते, दिसेल ते मागते. बाप म्हणतो, "बघा, अजून किती दम आहे त्याच्यात!" तो दम नव्हे. दिवा विझण्याआधी मोठा होतो, तसा तो प्रकार असतो. असे अतिदमलेले मूल रात्री पटकन झोपेल असे आपल्याला वाटते, पण ते उलट झोपेशी झगडते आणि मधेच दचकून उठते. सोमवारच्या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच सापडते, दृष्ट काढून ते जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. यात दुपारची झोप धरलेली आहे. साधारण दीड वर्षापर्यंत दिवसाच्या दोन झोपांची एक होते आणि ती एक झोप बहुतेक मुलांत तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुटते. तुमचे मूल घरी दुपारी झोपत असेल, तर ते सहलीतही झोपले पाहिजे. घरी झोपणे सोडलेले मूलसुद्धा प्रवासाच्या दिवशी पेंगते. त्याला अर्धा तास आडवे केले तर बिघडत नाही.

आता दिवस कसा आखायचा ते सांगतो. आधी झोपेची वेळ ठरवावी आणि मग तिच्या अलीकडे-पलीकडे खेळ बसवावेत. आपण नेमके उलटे करतो. सकाळी उद्यान उघडताच आत जावे, मुलाच्या आवडीचे दोन-तीन खेळ आधी उरकावेत. साडेअकराच्या सुमारास, गर्दी होण्याआधी, जेवून घ्यावे. साडेबारा ते अडीच हा वेळ झोपेचा. नाही तरी त्या वेळी ऊन सर्वांत कडक असते. त्यात तुमचे फारसे नुकसानही नाही, कारण मोठ्या राईडवर उंची मोजूनच आत सोडतात आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलाला त्यातल्या बऱ्याच राईडवर प्रवेशच नसतो. ते मूल तुमच्या खांद्यावर रांगेत उभे असते, एवढेच. एक वेळ मात्र पाळावी. चारच्या पुढे मुलाला गाढ झोपू देऊ नये, नाहीतर रात्री अकराला ते टक्क जागे असेल. दुपारची झोप हुकलीच तर नंतर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी पुरे.

प्रश्न येतो मोठ्या भावंडाचा. आठ वर्षांच्या ताईने वर्षभर या दिवसाची वाट पाहिलेली असते, तिला धाकट्याच्या झोपेपायी अडकवून ठेवणे बरोबर नाही. घरच्यांनी वाटून घ्यावे, एकाने मोठ्याला फिरवावे, एकाने धाकट्याजवळ बसावे. बसणारी व्यक्ती दर वेळी आई किंवा आजीच का असते, हे मला कळलेले नाही. वडिलांच्या मांडीवरही मूल झोपते. एक तास तुम्ही बसा, एक तास त्यांना बसू द्या. मांडीला मुंग्या येतील, त्यापलीकडे काही होत नाही.

नव्या जागी मूल झोपत नाही ही खरी अडचण आहे. घरची झोप गंधावर, स्पर्शावर आणि ठरावीक क्रमावर चालते. म्हणून आजीच्या जुन्या लुगड्याची ती छोटी गोधडी बरोबर घ्या, तिचे ओझे काही होत नाही. घरी जेवण, पाय धुणे, गोष्ट, थोपटणे असा क्रम असेल तर तो तिथेही तसाच करा. झोपायची जागा सावलीची, वारा असलेली, ध्वनिवर्धकापासून लांब अशी शोधा. वातानुकूलित अंधाऱ्या खेळात बसवले की झोपेल, असा एक समज आहे. तिथल्या आवाजाने लहान मूल घाबरते आणि आधीची पेंगही उडते. बाबागाडी असेल तर तिच्यावर उन्हापासून आडोसा म्हणून जाड ओढणी किंवा टॉवेल चारी बाजूंनी गुंडाळू नका. आत हवा खेळत नाही आणि मूल भट्टीत ठेवल्यासारखे होते. तान्हे बाळ छातीशी बांधून नेणाऱ्यांनी त्याचे नाक-तोंड कायम मोकळे दिसते ना, हनुवटी छातीवर दबलेली नाही ना, हे बघत राहावे.

वॉटर पार्कच्या बाबतीत मी थोडा कडक आहे. पेंगुळलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये. त्याचा तोल जातो आणि गुडघाभर पाण्यातही मूल बुडते, तेही आरडाओरडा न करता. झोपेची खूण दिसली, म्हणजे डोळे चोळणे, कान ओढणे, अंगठा तोंडात जाणे, की बाहेर काढा, अंग पुसा, कोरडे कपडे घाला, मग झोपवा. ओल्या कपड्यांत झोपलेले मूल गार पडते.

प्रवासात झोप लागावी म्हणून काही जण मुलाला सर्दी-खोकल्याचे औषध किंवा उलटीची गोळी पाजतात. "चमचाभरच दिले, डॉक्टर," असे सांगतात. असे कधीही करू नका. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न होता, आपल्यापुढे फक्त घाट शांतपणे पार करायचा असतो. उलटीसाठी वापरले जाणारे प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, कारण त्याने श्वास मंदावू शकतो. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे एकत्र मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ साली दिला. शिवाय या औषधांनी काही मुले झोपण्याऐवजी उलट जास्त चेकाळतात. घाटात उलटीचा त्रास होणाऱ्या मुलाला निघण्याआधी हलके खायला द्या, काच थोडी खाली करा आणि खंबाटकीच्या आधी एकदा गाडीतून खाली उतरवा. औषध लागतेच असे वाटले तर आपल्या डॉक्टरांना वजन सांगून विचारा.

आता सर्वांत महत्त्वाचे. झोप आणि ग्लानी यांतला फरक ओळखता आला पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात फिरलेले मूल खांद्यावर मान टाकते आणि आई म्हणते, झोपला बाई एकदाचा. झोपलेल्या मुलाला हलवले की ते कुरकुरते, हात झिडकारते, चिडते. ते चिडले तर आनंद माना. उन्हाचा त्रास झालेले मूल हलवले तरी नीट डोळे उघडत नाही किंवा उघडून पुन्हा मान टाकते. अंग तापलेले, ओठ कोरडे, रडताना डोळ्यांत पाणी नाही, पाच-सहा तासांत लघवी नाही, उलटी झालेली, यांतले काही असेल तर ती झोप समजू नका. लगेच सावलीत न्या, कपडे काढा, साध्या पाण्याने अंग पुसत राहा, वारा घाला. तापाचे पॅरासिटामॉल उन्हाच्या तडाख्यात उपयोगी पडत नाही. मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तरच जलसंजीवनी घोटघोट द्या. मोठ्या पाकिटातली सगळी पूड एक लिटर पाण्यात एकदम मिसळायची, चिमूटचिमूट नाही. मूल हाकेला नीट ओ देत नसेल तर तोंडाने काही देऊ नका, उद्यानाच्या प्रथमोपचार केंद्रात न्या आणि १०८ ला फोन करा.

हाच धोका परतीच्या वाटेवर गाडीत असतो. मूल मागच्या सीटवर गाढ झोपलेले असते, चहाला गाडी थांबते, मंडळी म्हणतात, झोपू दे, दहा मिनिटांत येतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकते. काच दोन बोटे खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. मुलाचे अंग तर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. झोपलेले मूल हाकही मारू शकत नाही. म्हणून झोपमोड झाली तरी चालेल, त्याला उचलून बरोबर न्या, किंवा एकाने गाडीत त्याच्याजवळ बसावे. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर मूल घेऊन बसण्याची आपल्याकडची सवयही सोडली पाहिजे. एअरबॅग फुगली तर मूल तिच्या आणि आईच्या मधे सापडते.

रात्री उशिरा घरी पोहोचल्यावर झोपलेल्या मुलाला दूधभात भरवण्यासाठी उठवू नये. चपला काढाव्या, तसेच अंथरुणावर ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्याच वेळेला, फार तर तासभर उशिराने उठवा आणि दुपारी घरच्या वेळेला झोपवा. पाहुणे, फोटो दाखवणे, शेजारी जाऊन आणलेली खेळणी मिरवणे हे एक दिवस पुढे ढकला. दोन दिवसांत घडी बसते. तिसऱ्या दिवशीही मूल मलूल असेल, खात नसेल किंवा अंग गरम लागत असेल, तर मात्र सहलीचा शीण म्हणून सोडून न देता दवाखान्यात आणा.