शिकार थांबली; रानावरचा हक्क मात्र अधांतरी

दरवर्षी वैशाखात जमशेदपूरजवळच्या दलमा डोंगरावर तोच संघर्ष नव्याने उभा राहतो. संथाळ, हो, भूमिज आणि मुंडा गावांतील पुरुष धनुष्यबाण, भाले आणि कुत्री घेऊन ‘सेंद्रा’साठी, म्हणजे सामूहिक शिकारीसाठी, डोंगराकडे निघतात. वनखाते वाटांवर नाकी उभारते, गावोगावी जाऊन समजूत घालते आणि शिकार प्रतीकात्मक ठेवण्याचा आग्रह धरते. सुमारे १९३ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९७० च्या दशकापासून अभयारण्य आहे. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने प्रकरण सरळ दिसते आणि वृत्तपत्रांतही ते ‘परंपरा विरुद्ध वन्यजीव’ अशा ठरावीक मथळ्याखाली येते.

माझ्या मते या मथळ्याखाली दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. रानातल्या प्राण्यामागे कुत्री सोडून त्याला मारावे का, हा पहिला. त्या रानात पाऊल टाकण्याचा हक्क कोणाचा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देशाने दिले आहे आणि ते योग्य आहे. दुसऱ्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. गावाच्या शिवारात ते अजून पोहोचलेले नाही.

हे दोन प्रश्न एकमेकांत अडकले ते वसाहतकाळात. निलगिरीचे उदाहरण बोलके आहे. कोइमतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ मध्ये तिथे पोहोचले आणि पुढे उटकमंड वसले. लवकरच विलायतेहून शिकारी कुत्री आली, लाल कोटातले घोडेस्वार आले. कोल्हेकुईला कमी नसलेल्या त्या प्रदेशात इंग्लंडमधल्या खोकडाची जागा आपल्या कोल्ह्याने घेतली. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांचे नाव ज्यांना मिळाले त्या गवताळ उतारांवरून ही ‘उटी हंट’ दौडत असे. ते उतार मोकळे दिसत, पण बेवारस नव्हते. तोडा समाजाच्या म्हशी त्या डोंगरमाथ्यांवर पिढ्यानपिढ्या चरत होत्या. सलिव्हन तोडांच्या मालकीची बाजू मांडत राहिले. सरकारने अखेर त्यांचा हक्क चराईपुरताच मानला. तोडा स्वतः शिकार करणारे नव्हेत. ज्यांनी शिकार केली नाही त्यांच्या कुरणावरून शिकाऱ्यांचे घोडे हक्काने जात आणि परवानगीचा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे.

संस्थानिकांची गोष्ट याहून फार निराळी नव्हती. रामपूरच्या नवाबांनी अफगाण ताझी आणि इंग्लिश ग्रेहाउंड यांच्या संकरातून रामपूर हाउंड जोपासला. मुधोळच्या घोरपडे राजांनी आज मुधोळ हाउंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीला प्रतिष्ठा दिली. शिकार ही दरबाराची शोभा होती आणि राखीव रान हे तिचे अंगण. रयतेच्या वाट्याला हाकाऱ्याचे काम येई.

याच काळात सामान्य माणसासाठी जंगलाची दारे बंद होत गेली. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगल ही सरकारी मालमत्ता ठरवली. १९२७ च्या कायद्याचे कलम २६ आजही वाचण्यासारखे आहे. विनापरवाना प्रवेश, गुरे चारणे, लाकूड तोडणे आणि नियमबाह्य शिकार हे सारे एकाच कलमात, एकाच पंक्तीत बसवलेले आहे. म्हणजे सरपण आणायला गेलेली बाई आणि भेकरामागे कुत्री सोडणारा माणूस यांच्याकडे पाहण्याचा कायद्याचा चष्मा एकच. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या कलमात आजच्या गोंधळाचे मूळ दिसते: रानात असणे हाच संशय ठरला.

स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यात परवाना घेऊन शिकारीची मुभा होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट जवळजवळ पूर्ण बंद केली. आता कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राणी मारण्याबरोबरच त्याचा पाठलाग करणे, त्याला हाकारणे, सापळ्यात पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. कुत्र्यांनी ससा मारला नाही, नुसता पिटाळला, तरी गुन्हा घडतो. नवाब, साहेब आणि गावकरी यांना हा कायदा सारखाच लागू झाला, ही त्याची मोठी नैतिक बाजू आहे. दरबारी कुत्र्यांनीही नवे जीवन स्वीकारले. रामपूर आणि मुधोळ हाउंड २००५ मध्ये टपाल तिकिटांवर आले आणि मुधोळ हाउंडला पुढे लष्कराने पहाऱ्याच्या प्रशिक्षणासाठी निवडले.

पण समान कायद्याचा परिणाम समान झाला नाही. नवाबाचा छंद गेला. त्याची जमीन, वाडा आणि वावरण्याचे स्वातंत्र्य राहिले. आदिवासी गावाची शिकार गेली तेव्हा रानात जाण्याचे शेवटचे जाहीर निमित्तही गेले.

इंग्लंडने हे दोन प्रश्न कसे हाताळले ते पाहण्यासारखे आहे. तिथेही मोकळी माळराने जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेली होती. १९३२ मध्ये डर्बीशायरमधल्या किंडर स्काउट या ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या पठारावर कामगार तरुणांनी सामूहिक घुसखोरी केली आणि काहींनी तुरुंगवास भोगला. पुढे २००० च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील डोंगर, माळ आणि सामाईक जमिनींवर पायी फिरण्याचा हक्क सर्वांना दिला आणि २००४ च्या कायद्याने कुत्र्यांच्या साह्याने होणाऱ्या शिकारीवर बंदी घातली. क्रम महत्त्वाचा आहे: आधी वाट खुली झाली, मग शिकार बंद झाली. आपल्याकडे क्रम उलटा लागला. शिकार १९७२ मध्ये आवरली गेली आणि वनहक्कांचा कायदा यायला २००६ साल उजाडले. मधल्या चौतीस वर्षांत एक पिढी ‘घुसखोर’ हे नाव घेऊनच वाढली.

सेंद्राचा अर्थ या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. संथाळांच्या परंपरेत वार्षिक शिकारीच्या रात्री ‘लो बीर’ सभा भरते. ती त्यांची सर्वोच्च न्यायसभा. गावच्या मांझीविरुद्धची तक्रारही तिथे मांडता येते. शिकारीचा पुरोहित ‘दिहरी’ तिथे प्रमुख असतो आणि अनेक गावांच्या साक्षीने निवाडे होतात. म्हणजे शिकारीच्या निमित्ताने समाज आपले रान पायाखाली घालत असे, सीमा ओळखत असे आणि न्यायही करत असे. पुरुलियातील अयोध्या डोंगरावर हा मेळा बुद्धपौर्णिमेला भरतो.

म्हणून शिकार चालू द्यावी, असे मी म्हणत नाही. लोकसंख्या वाढली, वाहने आली, रान आक्रसले. एकेकाळी काही गावांपुरत्या असलेल्या शिकारीला आता हजारोंची गर्दी होते. एप्रिल २०१८ मध्ये पश्चिम मेदिनीपूरमधील लालगडच्या जंगलात भटकत आलेला वाघ मारला गेला, तोही याच शिकारीच्या हंगामात. कोलकाता उच्च न्यायालयाने अशा सामूहिक शिकारी रोखण्यास प्रशासनाला सांगितले, ते आवश्यकच होते. प्रश्न बंदीचा नाही. बंदीनंतर त्या माणसाच्या हाती काय उरते, हा आहे.

याचे उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे आणि ते फार विचारपूर्वक दिलेले आहे. कलम ३ पारंपरिक हक्कांना मान्यता देते, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळते. त्याच कलमात सामुदायिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव आणि जैवविविधता जपण्याचा अधिकार देते. म्हणजे संसदेने शिकार आणि रानप्रवेश यांची गाठ सोडवली: प्राणी तुमचा नाही, पण रान राखण्याचा अधिकार तुमचा.

हा तोल व्यवहारात कसा साधतो, हे नागालँडमधील खोनोमा गावाने दाखवले. तिथली जमीन गावाची आहे आणि संविधानाचे अनुच्छेद ३७१ अ तिला संरक्षण देते. अंगामी नागांच्या या गावात शिकार हा पुरुषार्थ मानला जाई. तरीही ट्रॅगोपॅन पक्ष्यांचा मोठा संहार झाल्याचे पाहून ग्रामपरिषदेने १९९८ मध्ये आपल्याच जंगलात अभयारण्य घोषित केले आणि शिकार बंद केली. वोखा जिल्ह्यातील पांगती येथे २०१२ मध्ये अमूर ससाण्यांची प्रचंड पकड झाली; जगभर निंदा होताच गावांनी पुढच्याच हंगामात ती थांबवली. जमिनीचा हक्क असला की शिकार आपोआप थांबते, असे यातून सिद्ध होत नाही. याच हक्काच्या छायेत तिथे दीर्घकाळ शिकार झाली. मात्र एवढे दिसते की ज्याच्या हाती रान आहे त्याने घातलेली बंदी पाळली जाते. नाक्यावरच्या पहारेकऱ्याने घातलेली बंदी तो पाठमोरा होईपर्यंतच टिकते. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामुदायिक हक्क मिळाला. रान राखण्याची जबाबदारी गाव कायदेशीरपणे पेलू शकते, हे तिथेही दिसले.

झारखंड आणि पश्चिम बंगालच्या पट्ट्यात मात्र वैयक्तिक पट्टे वाटले गेले त्या मानाने सामुदायिक हक्कांना मान्यता फार थोडी मिळाली. याचे एक कारण प्रशासनाच्या रचनेत आहे, हे मी शासकीय सेवेत जवळून पाहिले. वन्यजीव कायद्याची फाइल पर्यावरण मंत्रालयाकडे, वनहक्कांची आदिवासी कार्य मंत्रालयाकडे. जिल्ह्यात शिकारीचा बंदोबस्त तातडीचा विषय असतो. त्यासाठी बैठक होते, वाहने मिळतात, पोलीस मिळतात. सामुदायिक दाव्याला तारीख नसते, म्हणून त्याला घाईही नसते.

उपाय अवघड नाही. दलमा आणि अयोध्या डोंगराच्या परिसरातील गावांचे सामुदायिक दावे मुदत ठरवून निकाली काढावेत. शिकारबंदीची अंमलबजावणी मान्यताप्राप्त ग्रामसभांच्या वनसमित्यांबरोबर व्हावी. लो बीर सभेला धनुष्यबाण आणि कुत्री खाली ठेवून डोंगरावर बसण्याची रीतसर परवानगी असावी, म्हणजे न्यायसभा राहील आणि हरणेही राहतील. सेंद्राच्या आधी जिल्हाधिकारी बंदोबस्ताचा आढावा घेतात, त्याच बैठकीत प्रलंबित दाव्यांची यादीही टेबलावर यावी. बंदीचे काम एका दिवसाचे असते. हक्काची नोंद झाली तर ते काम उरलेले तीनशे चौसष्ट दिवस गावच करील.